चोक, छऱ्यांच्या बंदुकीतील

छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचा आतील व्यास तोंडाजवळच्या काही सेंमी. लांबीत किंचित कमी केलेला असतो. या आकुंचनास ‘चोक’ ही संज्ञा आहे. काडतुसातील छऱ्यांचा पुंजका नळीबाहेर पडल्यानंतर पुढे जाता जाता फाकत जातो. हे फाकणे मंद व्हावे की त्वरेने, हे मुख्यतः चोकवर अवलंबून असते. बारा बोअरच्या बंदुकीत हे आकुंचन सामान्यतः शून्य ते एक मिमी. एवढेच असते. डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या या फरकामुळे एकच बंदूक एका कामास योग्य व दुसऱ्या कामास निरुपयोगी ठरू शकते.

चोकमुळे बंदुकीचा ‘जोर’ वाढतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. बागेतील पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले असता धार लांब जाते, या अनुभवावरून ती रूढ झाली असावी. ती बरोबर नाही. छऱ्यांच्या वेगात चोकमुळे पडणारा फरक नगण्य असतो. एकट्या छऱ्याची भेदनशक्ती त्याचे वजन, घनता व वेग यांवर ठरते. चोकमुळे बदलते ती केवळ छऱ्यांची दाटी. दाट छरे लांबच्या लक्ष्यावर उपयोगी पडतात. पण जवळच्या लक्ष्यावर तेच नेम चुकण्यास किंवा पक्षी छिन्नभिन्न होण्यास कारण होतात. चोकची निवड म्हणजे अंतराची निवड होय, हे तत्त्व प्रस्थापित होण्यास सु. शंभर वर्षे लागली.

परिमाणे व प्रकार : बंदुकीचा बोअर जुन्या इंग्रजी पद्धतीने सांगतात. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या ज्या गोळ्यांचे १२ नग मिळून एक पौंड (सु. ४५३.६ ग्रॅ.) भरतात, त्या नळीचा बोअर बारा होय. तिचा आतील व्यास सु. १८.५ मिमी. असतो. सोळा बोअरचा व्यास सु. १६.८ मिमी. व वीस बोअरचा सु. १५.६ मिमी. असतो.

चोक मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत आकुंचनाचे माप घेतात. बारा बोअरमध्ये पूर्ण चोक म्हणजे सु. १ मिमी., पाऊण चोक सु. ०.७५ मिमी., अर्धा चोक सु. ०.५ मिमी. व पाव चोक सु. ०.२५ मिमी. आकुंचन. याहून कमी, केवळ नावापुरते आकुंचन असलेल्या नळीस ब्रिटनमध्ये सुधारित सिलिंडर म्हणतात. मुळीच आकुंचन नसलेली नळी ती सिलिंडर. अमेरिकेत अर्ध्या चोकला मॉडिफाइड असे नाव आहे. दुसरी पद्धत परिणामाची आहे. ४० यार्ड (सु. ३६.६ मी.) अंतरावर ३० इंच (सु. ७६ सेंमी.) व्यासाच्या वर्तुळात काडतुसातील एकूण छऱ्यांपैकी शेकडा किती छरे पडले, हे त्यात मोजतात. या प्रमाणास पॅटर्न म्हणतात. सिलिंडर नळीचा पॅटर्न शेकडा ४०, सुधारित सिलिंडरचा ५०, पाव चोकचा ५५, अर्ध्या चोकचा ६०, पाऊण चोकचा ६५ व पूर्ण चोकचा ७० मानला जातो. यांपैकी दुसरी पद्धत अधिक विश्वसनीय आहे. कारण एकाच आकुंचनातून वेगवेगळ्या काडतुसांचे पॅटर्न वेगवेगळे येतात.

चोकपूर्व काळ : तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीत दारू, तिच्यावर घट्ट बोळा, मग छरे आणि शेवटी आणखी एक बोळा, या क्रमाने सर्व सामग्री गजाने ठासावी लागे. तोंड अरुंद केले, तर त्यातून आत जाणारा बोळा पुढे रुंद नळीत सैल पडे आणि दारूचा वायू त्याच्या कडेने निसटे. त्यामुळे चोकची कल्पना कोणास सुचली, तरी ती व्यवहारात आणणे अवघड होते. फ्रेंच कारागीर लफोशो याची मागील बाजूने काडतूस घालण्याची बंदूक १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढील दोन दशकांत अशा बंदुका इंग्लंडमध्ये रूढ झाल्या. बोळा मागून आत जाऊ लागल्यामुळे नळीचे तोंड अरुंद ठेवण्यातील मुख्य अडचण दूर झाली.

शोधाचा वाद : चोकचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्याच्या जेरेमाया स्मिथ या कारागिराने १८२७ च्या सुमारास हा गुण ओळखला होता, असा दावा केला जातो. इंग्लंडमधील न्यूकॅसलचा बंदूककार विल्यम रॉचेस्टर पेप याने १८६६ मध्ये घेतलेल्या एकस्वात नळीचे तोंड अरुंद करण्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर याने १८६८ मध्ये नळीच्या टोकावर बसविण्याच्या, काढता-घालता येणाऱ्या चोकचे एकस्व मिळविले. त्याच सुमारास इलिनॉय राज्यातील बदकांचा धंदेवाईक शिकारी फ्रेड किंबल हाही स्वतःच्या प्रयोगांतून याच निष्कर्षास आला होता. तोंड फार अरुंद केल्याने फसलेली नळी पुन्हा सरळ करण्यासाठी तो ती आतून कातीत असता मध्येच एका टप्प्यावर छरे अनपेक्षितपणे दाट पडू लागले, अशी त्याची हकीकत सांगितली जाते. तात्पर्य, एकच कल्पना निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. परंतु तिला कारखान्यातील शिस्तबद्ध प्रक्रियेचे रूप दिले ते बर्मिंगहॅमच्या विल्यम वेलिंग्टन ग्रीनर याने.

१८७४-७५ च्या चाचण्या : ग्रीनरने १८७४ मध्ये चोकच्या नळ्या कातण्याची खात्रीशीर पद्धत बसविली. त्या काळी चांगली सिलिंडर नळी ४० यार्डांवरील वर्तुळात सहा नंबरचे सव्वाशे ते दीडशे छरे टाकी. आपल्या बंदुकीचा सरासरी पॅटर्न २१० राहील, अशी हमी ग्रीनरने जाहिरातीत दिली, तेव्हा अनेक शिकाऱ्यांना ती अतिशयोक्ती वाटली. लंडनच्या द फील्ड या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श यांनी १८७५ मध्ये जाहीर चाचण्या भरविल्या. निरनिराळ्या कारागिरांच्या चोकच्या व सिलिंडर बंदुका एकाच मापाने तपासण्यात आल्या आणि चोकच्या बंदुकांनी, विशेषतः ग्रीनरच्या बंदुकांनी, निर्विवाद सरशी मिळविली. कारागिराचा लौकिक अथवा शिकाऱ्याची आठवण यांऐवजी कागदावर मोजलेल्या छऱ्यांची संख्या हे प्रमाण मानले गेले, हे या चाचण्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय.

या विजयाबरोबर एक दीर्घकाळ टिकलेली चूकही रूढ झाली. चाचणी ४० यार्डांवर झाली होती. प्रत्यक्षात बहुतेक पक्षी त्याहून पुष्कळ जवळ मारले जात. १८ मी. अंतरावर सिलिंडर नळीतील बहुतेक छरे सु. ८० सेंमी. व्यासाच्या क्षेत्रात पसरतात. पूर्ण चोकमधील छरे सु. ४० सेंमी.मध्येच राहतात. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते, म्हणजे नेमातील चुकीला मिळणारी मोकळीकही तेवढीच आटते. ३६ मी.वर मात्र सिलिंडरचे छरे सु. दीड मी.पर्यंत विखुरतात व त्यांच्यामधून पक्षी जखमी होऊन निसटू शकतो. पूर्ण चोकचे छरे सु. एक मी.मध्ये एकवटलेले असतात. जास्तीत जास्त दाटी म्हणजे उत्तम बंदूक, असा अर्थ चाचण्यांच्या आकड्यांवरून काढला गेल्यामुळे अनेकांनी जवळच्या शिकारीसाठीही पूर्ण चोक घेतला. लांबचा पक्षी पडला की चोकची कीर्ती होई, जवळचा चुकला की दोष नेमाला मिळे.

‘गोळीसाठी नाही’ : चोकच्या नळीतून पूर्ण व्यासाची शिशाची गोळी उडविल्यास ती तोंडाशी अडकून नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. म्हणून ब्रिटिश परीक्षणगृहांनी १८७५ पासून अशा नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द ठोकण्यास प्रारंभ केला. १८८७ नंतर त्यांच्या जागी ‘चोक’ हा शब्द आला. इंग्लंडमधील शिकाऱ्यास या निर्बंधाची विशेष अडचण नव्हती. हिंदुस्थानात मात्र तित्तिराच्या मागे निघालेल्या माणसासमोर रानडुक्कर किंवा वाघ येण्याचा संभव असे. हिंदुस्थानी लष्करात सेवा केलेले व १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी यांनी १८८५ मध्ये यावर उपाय शोधला. नळी गुळगुळीतच ठेवून केवळ तोंडाच्या आकुंचित भागात त्यांनी सर्पिल आटे पाडले. हा भाग छऱ्यांना चोकप्रमाणे आवरी आणि खास बनविलेल्या गोळीस फिरकी देई. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. तिची गोळी सु. ९० मी.पर्यंत भरवशाची असे. हिंदुस्थान व आफ्रिका येथील शिकाऱ्यांत ती लोकप्रिय झाली.

शिकारीतील निवड : चोक निवडताना लक्ष्याचे नेहमीचे अंतर, लक्ष्याचा आकार व छऱ्यांची संख्या या तीन गोष्टी पाहतात. ब्रिटिश प्रमाणाच्या ३० ग्रॅ. काडतुसात सहा नंबरचे सु. २८७ छरे असतात. त्यांपैकी ३६.६ मी.वरील वर्तुळात पूर्ण चोकने सु. २०१, सुधारित सिलिंडरने सु. १४३ व सिलिंडरने सु. ११५ छरे पडतात. फेझंटएवढा पक्षी निश्चित मरण्यासाठी वर्तुळात सु. १२० छरे हवेत, असा संकेत आहे. म्हणजे सुधारित सिलिंडर त्या अंतरासही पुरा पडतो व सिलिंडर थोडक्यात कमी पडतो. पाणलाव्यासारख्या लहान पक्ष्यास दाटी अधिक लागते. परंतु ती चोक आवळून नव्हे, तर बारीक छरे वापरून साधणे श्रेयस्कर असते, कारण हा पक्षी जवळून व वेडावाकडा उडतो.

दुनळी बंदुकीत दोन नळ्यांस वेगवेगळे चोक देण्याची प्रथा याच विचारातून आली. शिकारी चालत जाऊन पक्षी उठवीत असेल, तर पक्षी त्याच्यापासून दूर जातो. पहिला बार जवळून व दुसरा लांबून होतो. म्हणून उजव्या नळीस सुधारित सिलिंडर वा पाव चोक आणि डाव्या नळीस अर्धा वा पूर्ण चोक ठेवतात. हाकाऱ्यांनी उठविलेले पक्षी शिकाऱ्याकडे येत असतील, तर क्रम उलटतो. पहिला बार लांबचा व दुसरा जवळचा ठरतो. दोन घोड्यांच्या बंदुकीत हवी ती नळी आधी उडविता येते, हा तिचा मोठा गुण होय. पाण्यावरील बदके व हंस यांच्यासाठी पूर्वी पूर्ण चोक सर्रास वापरीत. अमेरिकेत रानटी टर्कीच्या डोक्यावर व मानेवर नेम धरतात. त्यासाठी पूर्ण चोकहूनही आवळ चोक तयार होतात.

मोठे छरे व गोळी यांचा न्याय वेगळा आहे. भारतात एल.जी. (व्यास सु. ९.१ मिमी.) व एस.जी. (सु. ८.४ मिमी.) या नावांनी ओळखले जाणारे छरे आवळ चोकमध्ये एकमेकांवर दाबले जाऊन विद्रूप होतात व भलतीकडे जातात, मोकळ्या किंवा अर्ध्या चोकमधून ते बहुधा अधिक सरळ जातात. जर्मनीतील व्हिल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये छऱ्यांच्या बंदुकीसाठी एकसंध गोळी तयार केली. आकुंचनातून जाताना दबतील अशा कडा तिच्या अंगावर असतात. तरीही गोळीसाठी सिलिंडर वा सुधारित सिलिंडर हीच सुरक्षित निवड मानली जाते.

क्रीडेतील निवड : चोकच्या निवडीस शास्त्रीय शिस्त लावण्यात नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांचा वाटा मोठा आहे. सिनसिनॅटीच्या जॉर्ज लिगाउस्की यांनी १८८० मध्ये यंत्राने फेकण्याची मातीची तबकडी प्रचारात आणली. तिच्यामुळे अंतर व गती ठराविक झाली आणि एकच प्रयोग शेकडो वेळा करता येऊ लागला. ट्रॅप प्रकारात तबकडी नेमबाजापासून दूर जाते व बार होईपर्यंत ३० मी.च्या पलीकडे पोचू शकते; म्हणून पाऊण किंवा पूर्ण चोक लागतो. स्कीट हा प्रकार १९१५ नंतर अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात विकसित झाला व १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून त्या स्पर्धांत आला. त्यात तबकडी सु. २० मी.च्या आतच आडवी जाते. तेथे सिलिंडर अथवा त्याहून किंचितच आवळ नळी वापरतात. ट्रॅपची उत्तम बंदूक स्कीटच्या मैदानावर अडचण ठरते, हे पाहिल्यावर ‘सर्वोत्तम चोक’ हा शब्दप्रयोगच निरर्थक असल्याचे स्पष्ट होते.

भारतात ट्रॅपची परंपरा बीकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी रुजविली. १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकले. त्या प्रकारात दोन तबकड्या एकाच वेळी सुटत. त्यामुळे पहिल्या नळीस मोकळा व दुसऱ्या नळीस आवळ चोक, हा दुनळीचा जुना हिशेब तेथेही लागू पडे.

बदलते चोक : एका नळीच्या बंदुकीत चोकही एकच, ही मर्यादा दूर करण्यासाठी विसाव्या शतकात अनेक साधने निघाली. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकांत प्रसृत झालेल्या कट्स कॉम्पेन्सेटरला वेगवेगळ्या नळकांड्या जोडता येत. पॉली-चोकमध्ये टोकाचे कडे फिरवून आकुंचन कमीअधिक करीत. दोन्ही साधने नळीच्या टोकाबाहेर फुगीर दिसत. १९६० नंतर नळीच्या आतच आट्यांनी बसणाऱ्या पातळ नळकांड्या कारखान्यांतून येऊ लागल्या व त्याच आता सर्वत्र रूढ आहेत. रोपरची १८६८ ची कल्पना अशा रीतीने शतकानंतर फळास आली. अनेक निर्माते नळकांडीच्या कडेवर खाचा किंवा चांदण्या कोरतात. एक खूण पूर्ण चोकची, तीन खुणा अर्ध्या चोकच्या, असा प्रघात आहे. नळकांडी सैल राहिल्यास वा ती न लावताच बार केल्यास नळीचे आटे कायमचे बिघडतात. तपासणीपूर्वी बंदूक उघडून काडतूस काढल्याची खात्री करणे अनिवार्य असते.

प्लॅस्टिक व पोलाद : १९६० नंतरच्या दशकात छऱ्यांना कवेत घेणारा प्लॅस्टिकचा पेला काडतुसात आला. नळीच्या भिंतीवर घासून छरे चपटे होण्याचे थांबले व त्यामुळे पॅटर्न दाट झाले. जुन्या बंदुकीतील अर्धा चोक नव्या काडतुसाने पूर्ण चोकसारखा वागू लागला. नळीवरील खूण तीच राहिली, तिचा अर्थ बदलला.

याहून मोठा बदल शिशावरील बंदीने घडविला. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छरे बदके खड्यांबरोबर गिळतात व विषबाधेने मरतात; जखमी वा मेलेल्या पक्ष्यांना खाणाऱ्या गरुडांनाही ती बाधा होते. या कारणास्तव अमेरिकेने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने, व १९९१ मध्ये देशभर, पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे निषिद्ध केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिकारीतून शिशाचे छरे पूर्णपणे हद्दपार केले. यूरोपीय संघातील पाणथळ प्रदेशांत १५ फेब्रुवारी २०२३ पासून अशी बंदी लागू झाली. शिशाच्या जागी आलेल्या पोलादाची घनता सु. ७.८, तर शिशाची सु. ११.३ आहे, त्यामुळे पोलादी छरे एक-दोन नंबरांनी मोठे घ्यावे लागतात. पोलाद कठीण असल्याने छरे विद्रूप होत नाहीत व मोकळ्या चोकमधूनही दाट पडतात. आवळ चोकमध्ये ते दबत नसल्यामुळे जुन्या, पातळ नळीस इजा होऊ शकते. ४ मिमी.पेक्षा मोठे पोलादी छरे ०.५ मिमी.हून अधिक आकुंचनातून उडवू नयेत, असा यूरोपातील परीक्षणसंस्थांचा नियम आहे. ज्या पूर्ण चोकसाठी १८७५ मध्ये बंदूककार झगडले, तो बदकांच्या शिकारीतून अशा प्रकारे मागे पडला.

भारतातील स्थिती : १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूर येथे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजिलेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. असा आकडा हाती लागलेल्या पक्ष्यांचा असतो. छरे अंगात घेऊन निसटलेल्यांची मोजदाद कोठेच होत नाही. ते सरोवर आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान असून १९८५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने संपुष्टात आणले. आता भारतात बारा बोअरची बंदूक शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्याने मुख्यतः आत्मसंरक्षण, पिकांचे राखण व नेमबाजीची क्रीडा यांसाठी बाळगली जाते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्था. १८६९) तिची काडतुसे तयार होतात. राखणीच्या कामी अंतर थोडे असते. म्हणून पूर्ण चोकच्या जुन्या दुनळीपेक्षा मोकळ्या चोकची नळी अधिक उपयुक्त ठरते.

पॅटर्नची चाचणी : कोणत्याही बंदुकीचा चोक वरील खुणेवरून गृहीत न धरता चाचणीने ठरवावा लागतो. चुना फासलेला लोखंडी पत्रा वा मोठा कागद ठराविक अंतरावर उभा करून त्यावर एक बार काढतात. छरे सर्वांत दाट पडले असतील त्याभोवती ७६ सेंमी. व्यासाचे वर्तुळ काढून आतील खुणा मोजतात. एका बारावरून निष्कर्ष काढता येत नाही. निदान पाच, शक्य तर दहा बारांची सरासरी घेतात. चाचणीचे अंतर ४० यार्डच असावे असे नाही. ज्या अंतरावर बंदूक प्रत्यक्ष वापरावयाची, त्याच अंतरावर केलेली चाचणी अधिक बोधप्रद असते. वर्तुळात पक्ष्याएवढी मोकळी जागा राहत असेल, तर त्या अंतरावर बार न काढणे हाच योग्य निर्णय होय; कारण त्या मोकळ्या जागेत सापडलेला पक्षी मरत नाही आणि वाचतही नाही.